बेकरी, कॉलेज आणि पानभर पत्रक: ऑबर्लिनचं प्रकरण गोव्यातून वाचताना

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ऑबर्लिन हे गाव आपल्या फोंड्यापेक्षाही लहान. वस्ती आठ-साडेआठ हजारांची, त्यातले जवळपास तीन हजार कॉलेजचेच विद्यार्थी, म्हणजे कॉलेज शिंकलं की गावाला सर्दी. कॉलेज १८३३ चं. गुलामगिरी चालू होती त्या काळात, १८३५ मध्ये, त्यांनी कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्यायचं ठरवलं, त्यामुळे वर्णभेद हा विषय तिथे अभ्यासक्रमापुरता नाही, तो त्यांच्या घराण्याच्या अभिमानाचा भाग आहे. आणि त्याच कॉलेजसमोर गिब्सन्स बेकरी, १८८५ पासूनची, पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाची, कॉलेजच्या मेसला पाव-डोनट पुरवणारी. या दोघांमध्ये २०१६ ते २०२२ अशी सहा वर्षं जी लढाई चालली तिच्यात शेवटी कॉलेजला ३ कोटी ६५ लाख डॉलरच्या वर मोजावे लागले. त्यावेळच्या दराने आपले साधारण २९० कोटी रुपये. एका पत्रकावरून.

"एका पत्रकावरून" असं मी म्हटलं खरं, पण सगळे तसंच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. कोणी म्हणतं विद्यार्थ्यांचा आवाज दाबला, कोणी म्हणतं पोरांची मस्ती उतरवली, आणि दोन्ही बाजूंचे लोक कोर्टानं नेमकं काय ठरवलं ते न वाचताच भांडत बसतात. म्हणून हे जरा सविस्तर, आणि आमच्या गोव्यातल्या पोरांना कामाला येईल अशा बेताने.

घडलं काय

तारीख ९ नोव्हेंबर २०१६. आदल्या दिवशी ट्रम्प निवडून आले होते. हे तपशिलात मुद्दाम धरून ठेवा, कारण कॉलेजमधल्या पोरांची त्या दिवशी मनःस्थिती काय असेल ते त्यावरून कळतं. दुपारनंतर कॉलेजचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी बेकरीत गेला (ती नुसती बेकरी नाही, वाइनही विकते), खोटं ओळखपत्र दाखवून वाइन घ्यायला बघितली, वय २१ च्या खाली. आमच्याकडेही कायद्यानं २१ च आहे, ते किती बार पाळतात हा विषय वेगळा. काउंटरवर मालकाचा मुलगाच होता, त्याला शर्टाखाली लपवलेल्या बाटल्या दिसल्या, त्यानं अडवलं, फोटो काढायला गेला, झटापट झाली, पोरगा बाहेर पळाला, हा मागे. रस्त्यात मारामारी. त्या पोराच्या सोबतच्या दोन मुलीही मध्ये पडल्या. पोलीस आले तेव्हा त्यांनी जे बघितलं ते त्यांच्या रिपोर्टमध्ये आहे: दुकानवाला खाली पाठीवर पडलेला आणि पोरं वरून त्याला मारतायत. तिघांना अटक.

गावात बातमी पसरली ती मात्र अशी की गोऱ्या दुकानदारानं कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा पाठलाग करून त्याला धरून मारलं. ही बातमी पसरवणारी सगळी पोरं खोटारडी होती असं मला वाटत नाही. अर्धं दृश्य ज्यानं बघितलं त्याला ते तसंच दिसलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस बेकरीसमोर शेकडो लोकांची निदर्शनं. घोषणा, फलक, आणि एक पत्रक. पत्रकात पहिलं म्हणजे इथून घेऊ नका. मग, हे वर्णभेदी दुकान आहे. मग, वंश बघून संशय घेण्याचा आणि भेदभावाचा यांचा मोठा जुना इतिहास आहे. आणि खाली, आमच्यातल्या एकाला मालकानं काल मारहाण केली. त्याच रात्री विद्यार्थी सिनेटनं (तिथलं विद्यार्थी मंडळ) ठराव केला, साधारण याच अर्थाचा, सगळ्या विद्यार्थ्यांना ईमेलनं गेला आणि कॉलेजच्या एका इमारतीतल्या काचेच्या फळ्यावर लावला. तो तिथे किती काळ राहिला? जवळपास वर्षभर! कोणी काढलाच नाही.

निदर्शनांत कॉलेजच्या डीन बाई हजर होत्या, हातात भोंगा. त्यांचं म्हणणं की विद्यार्थ्यांची सुरक्षितता बघणं ही माझी ड्युटी. बेकरीच्या बाजूचे साक्षीदार म्हणाले की त्या पत्रकं वाटत होत्या, बाई म्हणाल्या एका पत्रकारानं मागितलं म्हणून एक दिलं. पत्रकाच्या प्रती कॉलेजच्या मशीनवर निघाल्या. आणि कॉलेजनं बेकरीचा रोजचा माल थांबवला, दोन-तीन महिन्यांनी परत सुरू केला, बेकरीनं दावा लावल्यावर पुन्हा थांबवला तो कायमचाच.

ऑगस्ट २०१७ मध्ये त्या तिघा विद्यार्थ्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, हलक्या कलमांखाली, आणि लिहून आणलेलं वाचलं की दुकानदारानं जे केलं त्यामागे वर्णभेद नव्हता. कॉलेजच्या समर्थकांचं म्हणणं की हे सौदा करून वदवून घेतलं. असेलही, अशा सौद्यात काय वदवून घेतात ते वकिलांना माहीत असतं, पण कागदावर ते आलं ते आलं.

दावा, आणि त्यात कोर्टानं काय वेगळं काढलं

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कुटुंबानं कॉलेज आणि डीन बाईंवर दिवाणी दावा घातला. विद्यार्थ्यांवर नाही. परत सांगतो, एकाही विद्यार्थ्यावर नाही. बदनामी, धंद्याच्या संबंधात जाणूनबुजून आडकाठी आणि मुद्दाम मानसिक त्रास, हे मुख्य मुद्दे.

कॉलेजचा बचाव ऐकायला एकदम भक्कम होता, की हे विद्यार्थ्यांचं भाषणस्वातंत्र्य आहे आणि अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती त्याचं रक्षण करते. त्यांच्या हातात सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा एक निकालही होता. मिसिसिपीत कृष्णवर्णीय नागरिकांनी गोऱ्या दुकानदारांवर १९६६ पासून बहिष्कार घातला होता, दुकानदारांनी नुकसानभरपाई मागितली, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की शांततेनं केलेल्या बहिष्काराबद्दल पैसे मागता येत नाहीत. गंमत म्हणजे त्या गावाचं नाव पोर्ट गिब्सन.

मग बचाव पडला कुठे? खटला ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, जाण्याआधीच न्यायाधीशांनी घोषणा एका बाजूला काढल्या. पोरं रस्त्यावर जे ओरडली ते मत, त्याला संरक्षण, त्यावर दावा चालणार नाही. उरलं पत्रक आणि सिनेटचा ठराव. यांत मत नव्हतं, माहिती होती. भेदभावाचा मोठा इतिहास आहे असं जेव्हा लेखी सांगितलं जातं तेव्हा वाचणारा समजतो की यांच्याकडे काहीतरी यादी असणार, घटना असणार, तारखा असणार. मालकानं मारहाण केली हे तर सरळ सरळ घडलं किंवा घडलं नाही यातलं एक. अशी विधानं खरी-खोटी तपासता येतात, आणि तपासल्यावर कॉलेजकडे दाखवायला फार काही नव्हतं. उलट पोलिसांचे आकडे कोर्टासमोर आले. पाच वर्षांत त्या बेकरीत चोरीसाठी ४० प्रौढांना अटक झाली होती, त्यात कृष्णवर्णीय ६ होते.

दुसरा धक्का म्हणजे गिब्सन कुटुंबाला कोर्टानं सार्वजनिक व्यक्ती मानलंच नाही. अमेरिकेत १९६४ च्या सलिव्हन खटल्यापासून सार्वजनिक अधिकाऱ्यानं, आणि पुढच्या निकालांमुळे इतर सार्वजनिक व्यक्तींनीही, बदनामी सिद्ध करायची तर समोरच्याला ते खोटं असल्याचं ठाऊक होतं किंवा त्यानं बेफिकिरी केली हे दाखवावं लागतं, जे महाकठीण. साध्या दुकानदाराला तसं नाही, त्यानं समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध केला की पुरे. म्हणजे मुख्यमंत्र्यावर टीका करायला जेवढी मोकळीक तेवढी कोपऱ्यावरच्या दुकानदारावर नाही. हे ऐकून आमच्याकडच्या कित्येकांना उलटं वाटेल, कारण आमचा अनुभव असा की दुकानदाराला काहीही बोला चालतं, मंत्र्याला बोललात तर पोलीस दारात.

आणि तिसरी गोष्ट, जी ज्युरीला सगळ्यात जास्त लागली असं माझं मत: कॉलेजच्या अधिकाऱ्यांचे आपापसातले ईमेल आणि मेसेज. कॉलेजवर टीका करणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकाबद्दल एकानं शिवी लिहिली, आणि डीन बाईंनी उत्तर दिलं की हे मिटवायचं नसतं तर मी विद्यार्थ्यांनाच त्याच्यावर सोडलं असतं. आता एखाद्या ज्युरीवाल्यानं, जो कुठल्या तरी कारखान्यात किंवा शाळेत नोकरी करतो, हे वाचलं की त्याच्या डोक्यात चित्र काय तयार होणार? की पोरं आपापली रस्त्यावर आली नव्हती, पट्टा कोणाच्या तरी हातात होता. ते खरं होतं का? माझ्या मते नाही, त्या पोरांना सोडायला डीनची गरज नव्हती. पण रागात टाइप केलेली एक ओळ पुढे कोर्टात मोठ्यानं वाचली जाते तेव्हा तिच्यातला राग दिसत नाही, नुसता हेतू दिसतो.

त्यात भर म्हणजे पुराव्यात आलं की पहिल्यांदा चोरी करणाऱ्या विद्यार्थ्याला पोलिसांकडे न देता आधी आम्हाला कळवा, अशी कॉलेजची बेकरीकडे मागणी होती आणि बेकरीनं ती मानली नाही. कॉलेजला ती समजूतदार तडजोड वाटली असणार, दुकानदाराला काय वाटलं असेल ते कुठल्याही गाडेवाल्याला विचारा.

७ जून २०१९ ला ज्युरीनं १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई दिली, पुढच्या आठवड्यात वरून ३ कोटी ३० लाख दंडात्मक. राज्याच्या कायद्यात कमाल मर्यादा आहे म्हणून ते सगळं मिळून अडीच कोटींवर आलं, मग वकिलांची फी वेगळी साठ लाखांच्या वर, मग व्याज. ३१ मार्च २०२२ ला अपिलाच्या कोर्टात तिन्ही न्यायाधीशांनी निकाल कायम केला आणि स्पष्ट लिहिलं की हे प्रकरण निदर्शकांच्या हक्कांचं नाही, कॉलेज आणि डीन यांनी स्वतः जे केलं त्याचं आहे. ऑगस्टच्या शेवटी ओहायोच्या सुप्रीम कोर्टानं, तेही चार विरुद्ध तीन अशा मतांनी, प्रकरण ऐकायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये कॉलेजनं पैसे भरायचं जाहीर केलं. बेकरीचे मालक बाप-लेक (काउंटरवरच्या त्या मुलाचे आजोबा आणि वडील) दोघेही तोवर वारले होते, एक २०१९ मध्ये, दुसरे २०२२ च्या सुरुवातीला, आणि कॉलेजनं पुढे आपल्या विमा कंपन्यांवर केस घातली की हे पैसे तुम्ही द्या.

माझं म्हणणं

निकालाचा पाया बरोबर, रक्कम अती. एवढं सांगून गप्प बसलो असतो, पण सिनेटच्या ठरावाबद्दल जे झालं ते मला पटलेलं नाही. विद्यार्थी सिनेटचा ठराव हा कॉलेजचाच कागद धरला गेला, कारण सिनेटला कॉलेजची मान्यता, डीन बाई सिनेटच्या सल्लागार, आणि ठराव कॉलेजच्या भिंतीवर वर्षभर. कायद्याच्या दृष्टीनं बसतं. पण याचा अर्थ पुढच्या कॉलेजनं काय घ्यायचा? हाच, की विद्यार्थी मंडळाचा प्रत्येक कागद आधी आमच्या वकिलाकडे. आमच्या गोव्यात तर ते आधीपासूनच आहे, फक्त वकिलाच्या जागी प्रिन्सिपल. नोटीस बोर्डावर क्रिकेटच्या टीमची यादी लावायलासुद्धा शिक्का लागतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी इथली पोरं रस्त्यावर उतरली होती, आणि ते आंदोलन आज कुठल्या तरी कॉलेजच्या शिक्का मारलेल्या परिपत्रकातून उभं राहिलं असतं असं कोणाला वाटतं का.

तर ऑबर्लिनमध्ये कॉलेज पुढे आलं म्हणून कॉलेज अडकलं. आमच्याकडे कॉलेज पुढे येणारच नाही, ते मागे सरकणार, आणि उघड्यावर राहणार तो ज्यानं मेसेज टाइप केला तो पोरगा. मला सांगायचंय ते एवढंच, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

हेच फोंड्यात झालं असतं तर

आमच्या घटनेत १९(१)(अ) नं बोलायचा हक्क दिलाय आणि लगेच १९(२) मध्ये ज्या कारणांसाठी बंधनं घालता येतात त्यांच्यात बदनामी नावानिशी लिहून ठेवलीय. आणि मुख्य फरक हा की ऑबर्लिनचं सगळं दिवाणी होतं, म्हणजे पैशांचं. आमच्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हासुद्धा आहे. पूर्वी दंड संहितेचं कलम ४९९-५००, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आलीय. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात हे फौजदारी कलम घटनेला धरून आहे असं ठरवलं. त्याच्या आदल्याच वर्षी श्रेया सिंघल निकालात आयटी कायद्याचं ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, उडालं म्हणून बऱ्याच पोरांचा गैरसमज आहे की ऑनलाइन काहीही लिहिलेलं आता चालतं. ६६अ गेलं, बदनामी आहे तिथेच आहे.

आमच्या कायद्यात बोललेलं आणि लिहिलेलं असा भेद नाही, त्यामुळे ऑबर्लिनमध्ये ज्या घोषणा सुटल्या त्या इथे आपोआप सुटतीलच असं नाही. आणि बदनामी माणसाचीच होते असंही नाही, कंपनीची, भागीदारीची, लोकांच्या गटाचीही होते, म्हणजे बेकरी स्वतः तक्रारदार होऊ शकते.

खरं बोललं की सुटलो, हा दुसरा गैरसमज. दिवाणी दाव्यात खरं असणं पुरतं. फौजदारीत कलमातच काही अपवाद दिलेत, त्यातल्या पहिल्या अपवादाला दोन पाय लागतात, विधान खरं पाहिजे आणि ते लोकहितासाठी केलेलं पाहिजे, आणि हे दोन्ही सिद्ध करायचा बोजा बोलणाऱ्यावर. नववा अपवाद पोरांच्या जास्त कामाचा, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेनं केलेलं विधान, पण सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढं नव्हे, पुरेशी काळजी घेऊन, चौकशी करून बोललात हे दाखवावं लागतं.

मारामारीचा भागही इथे वेगळा झाला असता. पाच हजारांच्या खालची साधी चोरी ही नव्या कायद्यात सहसा अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत नाहीत अशी) आणि जामीनपात्र, आणि सामान्य माणसाला दुसऱ्याला पकडून ठेवायचा जो अधिकार आहे तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्यासमोर घडला किंवा समोरचा जाहीर फरारी गुन्हेगार असला तरच, तोही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायच्या अटीवर. म्हणजे वाइनच्या बाटल्यांसाठी पोराला दुकानात कोंडून ठेवणारा मालक इथे स्वतःच अडचणीत येऊ शकतो. हे दुकानदारांनीही वाचावं म्हणून लिहितोय.

पैशांच्या बाबतीत आमच्याकडे ज्युरी नाही आणि रकमाही सहसा एवढ्या होत नाहीत. पण न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा चुकीचा फोटो एका चॅनलनं काही सेकंद दाखवला त्यावर पुण्याच्या कोर्टानं २०११ मध्ये १०० कोटी ठरवले होते, त्यामुळे इथे होतच नाही असं कोणी समजू नये. साधा दुकानदार मात्र दिवाणीच्या वाटेला कमी जातो, दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. तो काय करतो, वकिलाकडून नोटीस पाठवतो, मग मॅजिस्ट्रेटकडे फौजदारी तक्रार. यात पोलीस एफआयआर घेत नाहीत, गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस स्टेशनवर बोलावून दम दिला तर तो दमच. नव्या प्रक्रिया संहितेत, कलम २२३, एक बरी सोय आलीय की दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटनं आरोपीचं म्हणणं ऐकायला पाहिजे. पण एकोणीस वर्षांच्या पोराला कोर्टाची नोटीस घरी आली, बाबानं ती उघडली, की पुढचं सगळं घरातच सुरू होतं.

भाचीचा ग्रुप

हे सगळं मी आत्ता का उकरून काढलं तर माझी भाची इथल्याच एका कॉलेजात शिकते, त्यांच्या जवळच्या एका मेसवाल्यानं मुलींचं डिपॉझिट अडकवून ठेवलंय, जेवणात एकदा किडा सापडला त्याचा फोटोही आहे. वर्गाच्या ग्रुपवर पोस्टर तयार होत होतं, तिनं मला पाठवलं, "मामा, जरा शुद्धलेखन बघ." शुद्धलेखन ठीक होतं. मजकूर असा की हा माणूस चोर आहे, वर्षानुवर्षं मुलींना लुबाडतोय, मुद्दाम सडकं खायला घालतो, सगळ्यांनी बहिष्कार टाका.

मी म्हटलं, अगो बाय, यातला बहिष्कार ठेव, बाकीचं काढ. तिला वाटलं मी घाबरवतोय. तिचा प्रश्न बरोबरच होता, "पण मामा, त्यानं पैसे खाल्लेत हे खरं आहे ना, मग चोर म्हटलं तर काय झालं?" झालं असं की डिपॉझिट परत न देणं हा पैशांचा वाद आहे, चोर म्हणणं हा गुन्ह्याचा आरोप आहे. वर्षानुवर्षं म्हणजे किती, कोणाकोणाचं, ते हिच्याकडे आहे का? नाही, एका सिनियरनं सांगितलं एवढंच. मुद्दाम सडकं हे तर त्याच्या डोक्यात शिरून बघितल्याशिवाय कळणार नाही. ऑबर्लिनच्या पत्रकात नेमके हेच तीन प्रकार होते, गुन्ह्याचा आरोप, पुरावा नसलेला इतिहास, आणि हेतू.

मग तिनं स्वतः बसून परत लिहिलं. कोणी कधी पैसे भरले, पावती आहे, मेस कधी सोडली, कधी मागितले, काय उत्तर मिळालं. फोटो, तारीख. आम्ही इथे जेवणं बंद केलंय, तुम्हीही विचार करा. आमच्या मते ही वागणूक फसवी आहे. वाचायला पहिल्यासारखं झणझणीत नव्हतं हे खरं, एका मैत्रिणीनं तर लिहिलं की हे पोस्टर आहे की बँकेचं स्टेटमेंट. पण मला विचाराल तर मेसवाल्याला जास्त हेच झोंबणार, कारण याला तो खोटं म्हणू शकत नाही. बोचरी टीका चालते, थट्टाही चालते. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनं टाटांवर एक व्हिडिओ गेम काढला होता, कासवाच्या मागे टाटाचा लोगो लागतो असा, टाटा कोर्टात गेले, २०११ मध्ये दिल्ली हायकोर्टानं गेम बंद करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ब्लूमबर्ग-झी प्रकरणात सांगितलं की खटला चालायच्या आधीच लेख काढायला लावणं हे अपवाद म्हणूनच करायचं.

फॉरवर्डचं काय, हा तिचा पुढचा प्रश्न. मी तर फक्त पुढे पाठवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं केजरीवाल यांच्या प्रकरणात म्हटलं की बदनामीकारक मजकूर रीट्विट करणं हेही प्रकाशित करणंच आहे. म्हणजे फक्त पुढे पाठवलं हा बचाव धरून चालू नका. ग्रुपचा ॲडमिन मात्र नुसता ॲडमिन म्हणून अडकत नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तसं सांगितलंय आणि आमचं हायकोर्टही तेच, पर्वरीत बसणारं.

तिच्या कॉलेजनं काय केलं? मुली वाइस प्रिन्सिपलांकडे गेल्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की मेस कॉलेजच्या आवाराबाहेर आहे, कॉलेजचं नाव कुठे वापरू नका. बस. ऑबर्लिनचा निकाल त्यांनी वाचलेला असण्याची शक्यता शून्य, पण तो वाचून कॉलेजच्या वकिलानं जो सल्ला दिला असता तोच त्यांनी उपजत दिला. मला याचा राग आला. पत्रक वाटू नका, भोंगा धरू नका, हे समजू शकतं, पण मेसवाल्याला बोलावून पावत्या समोर ठेवायला काय हरकत होती, त्याच्यात कुठली बदनामी आली? ऑबर्लिननंही पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवलं असतं तर कदाचित २९० कोटी वाचले असते.

पोस्टरसोबत बाकीच्या वाटाही तिला सांगितल्या. जेवणातल्या किड्यासाठी बांबोळीचं अन्न आणि औषध प्रशासन, डिपॉझिटसाठी आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. आणि अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कलमात वेगळा अपवादच आहे, आठवा, म्हणजे जे फळ्यावर लिहिणं धोक्याचं ते अर्जात बरंच मोकळेपणानं लिहिता येतं. हे पोरांना कोणी सांगतच नाही.

जुन्या ग्रुपवर तो पहिला "चोर" वाला मजकूर काही जणींनी आधीच टाकला होता. डिलीट केला, पण मेसवाल्याचा पुतण्या त्याच ग्रुपवर आहे, त्यामुळे स्क्रीनशॉट गेलेला असणार असं धरूनच चालायचं. त्यांना मी सांगितलं की नव्या पोस्टरसोबत एक ओळ टाका, आधीच्या मेसेजमधला चोर हा शब्द आम्ही मागे घेतोय, बाकी तक्रार कायम आहे. दोघींनी टाकली, एक अजून अडून बसलीय. डिपॉझिट आलेलं नाही, एफडीएला दिलेल्या अर्जाची पोच मिळालीय, मेसवाल्याकडून नोटीस आलेली नाही. दिवाणी दाव्याला त्याच्याकडे मेसेजच्या तारखेपासून एक वर्ष आहे, फौजदारी तक्रारीला तीन.